इंजिन आणि चाके यांच्यामध्ये गिअरबॉक्स कशासाठी?

कुतूहल (धागाकर्ता)

गिअरबॉक्सविषयी आपण सगळेच एक वाक्य ऐकत आलो आहोत : पहिल्या गिअरमध्ये ताकद जास्त आणि वेग कमी, शेवटच्या गिअरमध्ये वेग जास्त आणि ताकद कमी. गाडी चालवण्यापुरते हे वाक्य पुरते आणि मीही इतकी वर्षे त्याच्याच भरवशावर गाडी चालवली. अलीकडे शाळेतल्या भौतिकशास्त्राची उजळणी करताना मात्र या वाक्यापाशी मी अडलो. शक्ती निर्माण होते ती इंजिनात, इंधन जळून. गिअरबॉक्समध्ये काहीच जळत नाही; तिथे तेलात भिजलेली दातेरी चाके फिरत असतात आणि मिळालेल्या शक्तीतला थोडासा वाटा ती घर्षणात खाऊनच टाकतात. मग ज्या डब्यातून शक्ती आत जाते त्याहून कमी बाहेर येते, तो डबा ताकद वाढवतो असे आपण कोणत्या अर्थाने म्हणतो?

दुसरी गोष्ट अशी की सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना हजार किलो वजनाच्या लहान गाडीला हवेचा आणि टायरचा विरोध मोडण्यासाठी जेमतेम ५ ते ६ अश्वशक्ती लागते, असे माझ्या गणितात आले. त्याच गाडीचे इंजिन मात्र ६५-७० अश्वशक्तीचे असते. गरजेच्या दहापट शक्ती हाताशी असताना इंजिनाचा दांडा थेट चाकांना जोडून का भागत नाही? थेट जोडणे जमत नसेल तर मध्ये कायमची एकच जोडी ठेवावी. पाच-सहा जोड्या आणि त्या बदलण्याचा खटाटोप कशाला? आणि तरीही भागत नसेल, तर आणखी मोठे इंजिन बसवल्यावर गिअरबॉक्स काढून टाकता येईल का? हे तीन वेगळे प्रश्न आहेत की एकाच प्रश्नाची तीन तोंडे आहेत, हेही मला नीटसे ठरवता आलेले नाही.

पायडल

गिअर असलेली सायकल चालवून पाहा, म्हणजे सगळे उत्तर पायांना कळेल. चढावर आपण मागच्या चाकावरच्या मोठ्या चक्रावर साखळी आणतो. पाय भराभर फिरतात, सायकल हळू जाते, पण प्रत्येक पायडलला जोर कमी लागतो. सपाटीवर लहान चक्र घेतो आणि पाय निवांत फिरवूनही सायकल पळते. पायांची शक्ती दोन्ही वेळा तेवढीच असते, फक्त ती वेगळ्या रूपात वापरली जाते. गाडीत पायांच्या जागी इंजिन आहे, बाकी तत्त्व तेच.

दातेरी

पायडल यांचे उदाहरण सोयीचे आहे. पण माझ्या मते तेच लोकांना अर्ध्या वाटेवर सोडून देते, म्हणून आधी त्याची मर्यादा सांगतो. माणसाचा पाय सायकल उभी असतानाच सर्वांत जास्त जोर लावू शकतो. उभ्या सायकलच्या पायडलवर तुम्ही अंगाचा सगळा भार टाकू शकता आणि सायकल हलेपर्यंत तसेच उभे राहू शकता. पेट्रोल किंवा डिझेल इंजिनाला नेमके हेच जमत नाही. थांबलेले इंजिन शून्य जोर लावते. नुसता कमी जोर नव्हे, शून्य. मोटारीला गिअरबॉक्स का लागतो या प्रश्नाचे मूळ इंजिन किती ताकदवान आहे यात नसून या एका उणिवेत आहे.

कारण समजून घ्यायचे तर इंजिनाच्या आत डोकवावे लागते. चार खेपांच्या, म्हणजे फोर-स्ट्रोक, इंजिनात एका सिलिंडरच्या चार खेपांपैकी एकीतच शक्ती मिळते. हवा आत ओढणे, ती दाबणे आणि धूर बाहेर ढकलणे या उरलेल्या तीन खेपांसाठी ऊर्जा खर्चावी लागते, आणि ती फ्लायव्हील (इंजिनाच्या दांड्यावरचे जड चाक) व फिरत्या भागांमध्ये साठलेल्या गतीतून येते. ही साठवण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे वेग निम्मा झाला की साठा चौथाई उरतो. त्यामुळे मिनिटाला साधारण ७०० ते ८०० फेऱ्यांच्या खाली इंजिन नेले आणि वरून चाकांचा भार दिला, तर पुढची दाबण्याची खेप पार करण्याइतका साठा त्याच्याकडे उरत नाही आणि ते गचका देऊन बंद पडते. वरच्या टोकालाही मर्यादा आहे. सहा-साडेसहा हजार फेऱ्यांच्या पुढे सिलिंडरमध्ये पुरेशी हवा शिरायला वेळ मिळत नाही, घर्षण वाढत जाते आणि पिस्टन व दांड्यांवर येणारा ताण धोक्याच्या पातळीला पोहोचतो. डिझेल इंजिनात हे टोक आणखी अलीकडे, चार-साडेचार हजारांच्या आसपास येते. थोडक्यात, इंजिनाचा कामाचा पट्टा तळापासून माथ्यापर्यंत फार तर सात-आठ पट आहे. गाडीला मात्र शून्यापासून ताशी दीडशे किलोमीटरपर्यंत जायचे असते, आणि शून्य व दीडशे यांच्यात किती पट हे सांगता येत नाही.

आता आकडे घेऊ. हे मी सोयीसाठी धरलेले आकडे आहेत, पण लहान गाडीला ते शोभतील असे आहेत. गाडी १,००० किलोची, चाकाची त्रिज्या ०.३ मीटर, म्हणजे एका फेरीत गाडी सुमारे १.९ मीटर पुढे जाते. इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १२० न्यूटन-मीटर.

इंजिन थेट चाकांना जोडले असे समजा. इंजिन जिवंत राहण्यासाठी किमान ८०० फेऱ्या लागतात. चाकेही ८०० फेऱ्या फिरतील, म्हणजे गाडीचा वेग ताशी ९० किलोमीटर झाला. ही या गाडीची सर्वांत हळू चाल! इंजिन ६,००० वर नेले तर हिशेबाने वेग ताशी ६८० किलोमीटर येतो, जो अर्थातच कागदावरच राहील. जोराचेही पाहा. १२० न्यूटन-मीटरला ०.३ ने भागले की चाक रस्त्याला ४०० न्यूटन बलाने मागे रेटते असे दिसते. दहा मीटरला एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ही गाडी नुसती घसरू न देण्यासाठीच सुमारे ९८० न्यूटन लागतात. म्हणजे थेट जोडलेली गाडी हळू जाऊ शकत नाही, चढ चढू शकत नाही आणि मुळात उभ्या अवस्थेतून निघूच शकत नाही.

दातेरी चाकांची जोडी इथे कामाला येते. बारा दात्यांचे चाक बेचाळीस दात्यांच्या चाकाला फिरवू लागले की मोठे चाक साडेतीन पट हळू फिरते आणि त्याच्या अक्षावरचा टॉर्क साडेतीन पट होतो. शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग. एक जितक्या पटीने वाढला तितक्याच पटीने दुसरा घटला, गुणाकार तोच राहिला. धागाकर्त्यांच्या पहिल्या शंकेचे उत्तर यात आहे. बोलण्यात आपण ताकद हा एकच शब्द टॉर्कलाही वापरतो आणि शक्तीलाही, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. गिअरबॉक्स टॉर्क वाढवतो, शक्ती वाढवत नाही.

कुतूहल

आभारी आहे, दातेरी. पहिला प्रश्न सुटला. पण तुमच्याच आकड्यांवरून दुसरा प्रश्न अधिक टोकदार होतो. गिअरबॉक्सनंतर, चाकांच्या आसावरच्या डिफरन्शियलपाशी एक कायमची जोडी असतेच ना? तिने चौपट घट करावी आणि विषय संपवावा. १२० चे ४८० न्यूटन-मीटर झाले, रस्त्यावर १,६०० न्यूटन बल मिळाले, चढही चढता आला. मग पाच जोड्या का?

दातेरी

चांगला प्रस्ताव आहे, तपासून पाहू. बहुतेक गाड्यांमध्ये शेवटची कायमची घट साधारण चौपट असते हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. गिअरबॉक्समध्ये पाच जोड्या धरू : ३.५, १.९, १.३, १ आणि ०.८. चौपटीने गुणले की पहिल्या गिअरची एकूण घट १४ पट आणि पाचव्याची ३.२ पट होते.

फक्त पहिलाच गिअर ठेवला तर रस्त्यावर ५,६०० न्यूटन बल मिळते. चढ कसलाही असो, गाडी उचल घेईल. पण ६,००० फेऱ्यांना वेग ताशी ४८ किलोमीटर होतो आणि तिथेच संपतो. ताशी १०० किलोमीटरसाठी इंजिनाला १२,००० च्या वर फिरावे लागेल. फक्त पाचवा ठेवला तर ताशी १०० किलोमीटरला इंजिन २,८०० च्या आसपास शांतपणे फिरते. पण ताशी २८ किलोमीटरच्या खाली आले की ते आयडलिंगच्याही (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन ज्या वेगाने फिरते त्याच्याही) खाली जाते आणि बंद पडते. तुमची चौपटीची जोडी या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि तिच्यात दोघांचेही दोष थोडे थोडे आहेत. ताशी २२ किलोमीटरच्या खाली तिला जाता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, की खालच्या वेगासाठी इंजिनाला गिअरबॉक्सशी जोडणारा-सोडवणारा क्लच आहेच. क्लच दाबून ठेवावा, हळूहळू सोडावा, तो घसरत घसरत गाडीला वेगावर आणेल. आणेल, पण त्याची किंमत पाहा. इंजिनाचा वेग स्थिर धरला आणि रस्त्याचा विरोध तूर्त बाजूला ठेवला, तर गाडी जुळत्या वेगाला येईपर्यंत गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. पहिल्या गिअरमध्ये आयडलिंगला जुळणारा वेग ताशी साडेसहा किलोमीटर आहे. हजार किलोच्या गाडीसाठी ही उष्णता सुमारे १.६ किलोज्यूल. पाचव्या गिअरमध्ये जुळणारा वेग ताशी २८ किलोमीटर. उष्णता ३० किलोज्यूल, म्हणजे १९ पट. प्रत्येक थांब्यानंतर हे होणार. पाचव्या गिअरमध्ये चुकून गाडी उठवायचा प्रयत्न केल्यावर येणारा जळका वास ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नालाही हेच उत्तर लागू पडते. चौपट मोठे इंजिन बसवले तर एका जोडीवर चढ चढेल, वेगही मिळेल. तरी शून्यापासून आयडलिंगच्या वेगापर्यंतची दरी तशीच राहील, कारण मोठे इंजिनही थांबल्यावर शून्यच जोर देते. शिवाय सगळा वेळ ते मोठे धूड अर्धपोटी चालवत इंधन जाळत बसावे लागेल.

चढणीचा चालक

दातेरी यांच्या हिशेबात एक छोटी दुरुस्ती सुचवतो. गाडी उचलताना आपण इंजिन आयडलिंगवर ठेवत नाही; थोडे रेस करून दीड हजाराच्या आसपास नेतो, नाहीतर ते दबते. म्हणून क्लचमधली प्रत्यक्ष उष्णता दोन्ही गिअरमध्ये सांगितली त्याहून बरीच जास्त असणार. १९ पटीचे गुणोत्तर मात्र तसेच राहील, कारण ते फक्त दोन गिअरच्या पटींवर अवलंबून आहे.

दातेरी

दुरुस्ती अगदी योग्य आहे. दीड हजाराला उष्णता जवळपास साडेतीन पट होईल.

आता मला या विषयातला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा मांडतो, कारण जोड्या पाच का याचे खरे उत्तर त्यात आहे. इंजिनावर ६८ अश्वशक्ती असे लिहिलेले असते तेव्हा ती शक्ती सदैव उपलब्ध असते असा आपला समज होतो. ती फक्त एका ठरावीक फेऱ्यांना मिळते. आपल्या उदाहरणातल्या इंजिनाने ४,००० फेऱ्यांना १२० न्यूटन-मीटर दिला तर शक्ती ५० किलोवॅट होते, म्हणजे सुमारे ६८ अश्वशक्ती. तेच इंजिन १,१०० फेऱ्यांना ८५ न्यूटन-मीटर देत असेल तर शक्ती फक्त १० किलोवॅट. इंजिन तेच, अॅक्सिलरेटर दोन्ही वेळा पूर्ण दाबलेला, पण हाती येणारी शक्ती पाचपट वेगळी.

त्याच दहाला एक चढावर ताशी ४० किलोमीटरने चाललो आहोत असे धरा. चढ, टायर आणि हवा मिळून साधारण १,१४० न्यूटन विरोध आहे. पाचव्या गिअरमध्ये इंजिन १,१३० फेऱ्यांवर आहे. ८५ न्यूटन-मीटरप्रमाणे रस्त्यावर सुमारे ९०० न्यूटन पोहोचतात. कमी पडले, गाडी मंदावत जाते, मंदावली की फेरे आणखी उतरतात, फेरे उतरले की शक्ती आणखी घटते, आणि या दुष्टचक्रात इंजिन धापा टाकत बंद पडते. तिसरा गिअर टाकला की फेरे १,८४० होतात, १०५ न्यूटन-मीटर धरले तर १,८०० न्यूटन मिळतात आणि गाडी चढते. दुसऱ्यात फेरे २,७०० च्या जवळ जातात, बल २,९०० न्यूटन होते. आता चढावरच वेगही वाढवता येतो. गाडीचा वेग तिन्ही वेळा तोच आहे. गिअरने शक्ती वाढवली नाही. शक्ती जिथे आहे तिथे त्याने इंजिनाला जाऊ दिले.

त्यामुळे बाकी सगळे विसरलात तरी एवढे लक्षात राहावे असे मला वाटते, की कोणत्याही वेगाला चाकांवर सर्वाधिक बल त्या गिअरमध्ये मिळते जो इंजिनाला त्याच्या सर्वाधिक शक्तीच्या फेऱ्यांजवळ नेतो. सर्वाधिक टॉर्कच्या फेऱ्यांजवळ नव्हे. पुष्कळ चालक ठामपणे उलटे सांगतात. टॉर्कच्या आलेखाचे शिखर पाहून ते वरचा गिअर लवकर टाकतात, आणि गिअरने गुणलेला टॉर्क पाहायचा असतो हे विसरतात.

पायडल

माझे सायकलचे उदाहरण अपुरे होते हे मान्य. पण मग एक विचारतो : शक्ती वरच्या फेऱ्यांना मिळते तर इंजिन सदैव वरच्याच फेऱ्यांवर का ठेवत नाही? सपाट रस्त्यावर पाचवा गिअर का टाकायचा?

चढणीचा चालक

कारण सपाट रस्त्यावर ती शक्ती हवी कोणाला आहे? ताशी १०० किलोमीटरला आपल्या उदाहरणातल्या गाडीला सुमारे १२ किलोवॅट पुरतात. ते १२ किलोवॅट ६,००० फेऱ्यांना मिळवायचे तर इंजिन जवळपास रिकामेच फिरवावे लागते. थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, बहुतांश बंद असल्यामुळे पेट्रोल इंजिनाला हवा ओढतानाच झगडावे लागते आणि प्रत्येक फेरीचे घर्षण आहेच. तेच १२ किलोवॅट २,८०० फेऱ्यांना मिळवले तर फेऱ्या निम्म्याहून कमी, थ्रॉटल अधिक उघडा आणि इंधन कमी. म्हणजे खालचा गिअर चढासाठी आणि उचलीसाठी, वरचा गिअर इंधनासाठी. आताच्या ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये आठ-आठ, दहा-दहा गिअर असतात ते यासाठीच, की इंजिनाला कोणत्याही वेगाला आपल्या आवडत्या फेऱ्यांच्या जवळपास राहता यावे.

अवजड ट्रकचे उदाहरण याहून बोलके आहे. चाळीस टनांच्या ट्रकला ३५० किलोवॅटचे इंजिन असले तरी टनामागे ९ किलोवॅटही येत नाहीत. आपल्या लहान गाडीत टनामागे ५० आहेत. त्यात मोठ्या डिझेल इंजिनाचा कामाचा पट्टा हजार ते दोन हजार फेऱ्यांच्या आत असतो. पट्टा इतका अरुंद आणि शक्ती इतकी तुटपुंजी, म्हणून बारा किंवा सोळा गिअर. चढावर ट्रकचालक गिअरमागून गिअर बदलतो ते हौसेने नव्हे.

रूळकर

मोटारीच्या चर्चेत रेल्वे आणतो आहे, पण विषय सोडून नाही. वाफेच्या इंजिनाला गिअरबॉक्स नसे. पिस्टनचा दांडा सरळ चाकांना जोडलेला असे आणि तरीही ते इंजिन शेकडो टनांची गाडी उभ्या अवस्थेतून ओढून काढी. दातेरी यांनी सांगितलेली उणीव तिथे नव्हती : वाफेचा दाब बॉयलरमध्ये आधीच साठलेला असतो, त्यामुळे चाक थांबलेले असतानाही पिस्टनवर पूर्ण दाब देता येतो. पायडलवर भार टाकून उभे राहण्यासारखेच ते.

गंमत अशी, की तिथेही गिअर होता. तो चाकाच्या आकारात दडलेला होता. वेगवान प्रवासी गाड्यांच्या इंजिनांना मोठी चाके देत आणि मालगाड्यांच्या इंजिनांना लहान. १९३८ मध्ये ताशी सुमारे २०३ किलोमीटरचा विक्रम करणाऱ्या ब्रिटनमधल्या मॅलार्ड या इंजिनाची चालती चाके दोन मीटरहून थोडी अधिक व्यासाची होती. मालवाहू इंजिनांची दीड मीटरच्या आसपास किंवा त्याहूनही लहान असत. गिअर एकच, आणि तो कारखान्यातच ठरलेला.

पुढे डिझेल इंजिने आली तेव्हा तीच शून्याची अडचण रुळांवरही आली. हजारो अश्वशक्तीसाठी गिअरबॉक्स आणि क्लच करणे अवघड होते, म्हणून बहुतेक ठिकाणी डिझेल इंजिन नुसते जनित्र फिरवते आणि त्या विजेवर आसांवरच्या मोटरी चालतात. तार आणि मोटर मिळून गिअरबॉक्सचेच काम करतात असे म्हणायला हरकत नाही.

कुतूहल

रूळकर यांचा प्रतिसाद वाचून विजेच्या मोटारगाड्या आठवल्या. त्यांना गिअर नसतात हे खरे आहे का?

दातेरी

बदलण्याजोगे गिअर बहुतेकांना नसतात; कायमची घट मात्र असते, साधारण आठ ते दहा पट. विजेची मोटर थांबलेली असतानाच पूर्ण टॉर्क देऊ शकते आणि वर दहा-पंधरा हजार फेऱ्यांपर्यंत जाऊ शकते. नऊ पट घट धरली तर आपल्या चाकांसाठी ताशी १०० किलोमीटरला मोटर ८,००० च्या जवळ फिरते. तिच्यासाठी हा मध्यम वेग आहे. त्याहून महत्त्वाचे असे, की एका मर्यादेपर्यंत टॉर्क स्थिर राहतो आणि त्यापुढे बऱ्याच मोठ्या पट्ट्यात शक्ती जवळपास स्थिर राहते. इंजिनाला गिअर बदलून बदलून जे साधावे लागते ते मोटर स्वभावतःच करते. रिव्हर्ससाठीही वेगळे दातेरी चाक लागत नाही. मोटर उलटी फिरवली की झाले. अपवाद आहेत : पोर्शच्या टायकान या गाडीत मागच्या आसावर दोन गिअर आहेत, खालचा झपाट्याने उचल घेण्यासाठी आणि वरचा खूप मोठ्या वेगासाठी.

बिनगिअर

मग माझ्या गिअर नसलेल्या स्कूटरचे काय? तिला तर पेट्रोलचेच इंजिन आहे, आणि मी कधीच गिअर बदलत नाही.

चढणीचा चालक

तुम्ही बदलत नाही, स्कूटर बदलते. तिच्यात दोन पुली असतात आणि त्यांच्यामध्ये रबरी पट्टा असतो. इंजिनाचे फेरे वाढले की पुढच्या पुलीतली वजने बाहेर फेकली जातात, पुलीच्या दोन बाजू जवळ येतात, पट्टा वर सरकतो आणि पुढची पुली जणू मोठी होते. मागची त्याच प्रमाणात लहान. त्यामुळे पट सतत, पायऱ्यांशिवाय बदलत राहते. शून्याची दरी ओलांडायला मागे फेकबलावर चालणारा क्लच असतो, जो आयडलिंगला सुटा राहतो आणि रेस दिली की पकडतो. गिअरबॉक्सची सगळी कामे तिथे आहेत. फक्त दांडा नाही. मोटारीत हीच कल्पना हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये लोकांसमोर आणली.

जुनीपाने

इतिहासाची थोडी भर घालतो. कार्ल बेन्झ यांनी १८८६ मध्ये पेटंट घेतलेल्या तीनचाकी गाडीला एकच पट होती आणि इंजिन एक अश्वशक्तीपेक्षाही कमी होते. १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बेर्था बेन्झ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला, सुमारे १०० किलोमीटर, बेन्झ यांच्याच बनावटीच्या गाडीने गेल्या. चढावर गाडी थकायची आणि उतरून ढकलावी लागायची. परतल्यावर त्यांनी ज्या सुधारणा सुचवल्या त्यांत चढासाठी आणखी एक गिअर असावा ही होती. कुतूहल यांचा दुसरा प्रश्न म्हणजे त्या प्रवासातच निकालात निघालेला प्रश्न आहे.

१९०८ च्या फोर्ड मॉडेल टी गाडीला पुढे जाण्याचे दोनच गिअर होते, आणि तिचा रिव्हर्स गिअर पहिल्यापेक्षाही अधिक पटीचा होता. त्यामुळे खड्या चढावर लोक ती गाडी वळवून उलटी चढवत. पेट्रोल टाकीतून गुरुत्वाने उतरत असल्यामुळे उलटे चढण्यात तोही फायदा होता. आधीच्या गाड्यांमध्ये गिअर बदलताना दोन चाकांचे वेग जुळवणे चालकाच्या कानावर आणि पायावर असे, चुकले की करकर आवाज. वेग आपोआप जुळवणारी सिंक्रोमेश रचना कॅडिलॅकने १९२८ मध्ये आणली, आणि १९४० सालच्या ओल्ड्समोबील गाड्यांमध्ये हायड्रामॅटिक हा पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळू लागला.

बिनगिअर

वेग जुळवणे म्हणजे दातेरी चाके एकमेकांत सरकवणे ना?

दातेरी

आजच्या हाताने बदलायच्या गिअरबॉक्समध्ये तसे नसते, हा फार पसरलेला गैरसमज आहे. पुढे जाण्याच्या सगळ्या जोड्या कायम एकमेकींत अडकलेल्याच असतात आणि सतत फिरतात. मात्र प्रत्येक जोडीतले एक चाक आपल्या दांड्यावर मोकळे फिरत असते. आपण हाताने गिअरचा दांडा हलवतो तेव्हा एक बाही सरकते आणि त्या मोकळ्या चाकाला त्याच्या फिरत्या दांड्याशी जखडते. जखडण्याआधी सिंक्रोमेशचे कडे घासून दोघांचे वेग सारखे करते. न्यूट्रल म्हणजे एकही चाक जखडलेले नाही. रिव्हर्सला मध्ये आणखी एक चाक येते, म्हणून दिशा उलटते. पुष्कळ गाड्यांमध्ये त्याचे दाते सरळ कापलेले असतात, म्हणून मागे जाताना तो ओळखीचा घुंईं आवाज येतो. पुढच्या गिअरचे दाते तिरके असल्यामुळे ते शांत चालतात.

पायडल

उतारावर मी न्यूट्रलमध्ये गाडी सोडतो, इंधन वाचते म्हणून. यात गिअरबॉक्सचा काही संबंध येतो का?

चढणीचा चालक

येतो, आणि कृपया तसे करू नका. दहाला एक उतारावर ताशी ४० किलोमीटर वेग कायम ठेवायचा तर हजार किलोच्या गाडीची सुमारे ९ किलोवॅट दराने येणारी ऊर्जा कुठेतरी मुरवावी लागते. न्यूट्रलमध्ये ती सगळी ब्रेकमध्ये उष्णता म्हणून साठते. लांब उतारावर ब्रेक तापले की पकड सोडतात. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चाके इंजिनाला फिरवतात आणि तीच ऊर्जा इंजिन खाते. दातेरी यांचे चढाचे गणित इथे उलट्या दिशेने चालते, म्हणून खालचा गिअर अधिक धरून ठेवतो. इंधनाचे म्हणाल, तर इंधन फवारणाऱ्या आधुनिक इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की फेरे आयडलिंगच्या वर असेपर्यंत फवारणी पूर्ण बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःला जिवंत ठेवण्यासाठी पेट्रोल लागतेच.

पायडल

म्हणजे इतकी वर्षे मी पेट्रोल वाचवण्यासाठी पेट्रोल जाळत होतो. उद्याच्या उतारावर तिसरा गिअर.